फलाटावरची भूक

आगगाडीने हिंदुस्थानच्या मुलखावर जे अनेक नवे संस्कार केले, त्यांत ठरल्या गावी भूक लागण्याचा संस्कार इतिहासकारांनी फारसा हिशेबात धरलेला दिसत नाही. कर्जत आले की घरून पोटभर जेवून निघालेल्या गृहस्थालाही बटाटावड्याची आठवण व्हावी, लोणावळ्यास घरात कोणी गोडखाऊ नसतानाही चिक्कीचे पुडके पिशवीत पडावे, आणि भुसावळच्या फलाटावर केळ्यांचे घड दिसल्यावाचून आपण खानदेशात पोहोचलो हे मनाने मान्यच करू नये, हे सारे पोटाचे नव्हेत, वेळापत्रकाचे धर्म आहेत. त्यांच्या मुळाशी एक साधा यांत्रिक हिशेब आहे. बोरघाटाची चढण एकट्या इंजिनाच्या बळावर गाडीला झेपत नाही, म्हणून कर्जतला मागून रेटा देणारी जादा इंजिने जोडावी लागतात. ती जोडणी होईपर्यंत गाडी उभी राहते, आणि गाडी उभी राहिली की माणसाचा हात खिडकीतून बाहेर येतो. त्या हातात काय ठेवावे, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे कर्जतचा वडा. वाफेच्या इंजिनांच्या काळात तर हे सूत्र सर्व देशभर लागू होते. काही कोसांच्या अंतराने इंजिनाला पाणी पाजावेच लागे, आणि इंजिनाची तहान व उतारूंची भूक एकाच मुक्कामी भागविण्याची तजवीज आपोआप होऊन जाई. ज्याला आपण एखाद्या स्टेशनाची खासियत म्हणून गौरवितो, ती बहुधा त्या गावाच्या पाककौशल्यातून नव्हे, तर घाटाच्या चढणीतून नाही तर पाण्याच्या टाकीतून जन्मास आलेली असते.

हा विचार माझ्या मनात घोळू लागला तो मात्र उलट अंगाने, म्हणजे रत्नागिरीच्या स्टेशनावर. घाटावरून आलेले एक स्नेही परतीच्या गाडीची वाट पाहत माझ्याबरोबर फलाटावर उभे होते आणि त्यांनी अगदी निर्मळ मनाने विचारले, "तुमच्या या स्टेशनावरचं खास असं काय घ्यावं?" ज्या जिल्ह्यात हापूस पिकतो, ज्याच्या परसात कोकम आणि फणस अंगणातल्या पोरांइतकेच गृहीत धरले जातात, ज्याच्या घराघरांतून घावणे, आंबोळ्या, सांदणे, मोदक, कुळथाचे पिठले आणि समुद्राच्या कृपेने लाभणारे नाना प्रकारचे कालवण रांधले जाते, त्या जिल्ह्याच्या मुख्य स्टेशनावर या प्रश्नाला खालमानेने गप्प राहण्यापलीकडे उत्तर नसावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. दुकानांतून वडा होता, समोसा होता, बिस्किटांचे पुडे आणि बाटलीबंद पाणी होते, आणि बाटलीतले कोकम सरबत व आंबापोळीची पाकिटे, म्हणजे गावी जाऊन आल्याचा दाखला म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटावयाच्या वस्तू, होत्या. पण जी वस्तू तेथेच, त्या फलाटावर, गाडी सुटण्याच्या धास्तीने घाईघाईत खावी आणि जिच्यासाठी पुढच्या खेपेस मुद्दाम खाली उतरावे, अशी एकही नव्हती. रत्नागिरीकराला खाण्याची आवड नाही, असा आरोप तर त्याचा शत्रूही करणार नाही. मग हे असे का व्हावे?

याचे पहिले कारण असे की, कोकणी माणसाच्या मनात प्रवास आणि भोजन यांची सांगड मुळात फार उशिरा पडली. देशावर गाड्या धावू लागून शतक उलटून गेले, तरी रत्नागिरीचा रस्ता समुद्रातूनच होता. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून आगबोट निघे, हर्णै, दाभोळ, जयगड अशी बंदरे घेत रत्नागिरीस येई आणि पुढे जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण करीत दक्षिणेकडे जाई. बोट धक्क्याला लागत नसे. खोल पाण्यात उभी राही, आणि उतारूंनी, त्यांच्या वळकट्यांनी, पेट्यांनी आणि कोंबड्यांच्या खुराड्यांनी भरलेले पडाव लाटांवर हेलकावत तिच्याजवळ जात. अशा प्रवासात खाण्याचा विचार ज्यांना सुचे, ते धन्य. बाकीच्यांच्या हाती लिंबू आणि तोंडात आलेपाकाची वडी असे. कारण बोट लागणे ही एक सार्वत्रिक आपत्ती होती, तिच्यापुढे मामलेदार आणि त्याचा पट्टेवाला यांच्यात भेद उरत नसे. जुन्या पिढीतील बायकामाणसे बोटीवर चढण्याच्या आदल्या रात्रीपासूनच हलके खात, आणि बंदरात उतरून पायाखाली जमीन आली, डोके ठिकाणावर आले, म्हणजे मगच अन्नाचे नाव काढीत. पावसाळा लागला की हाही मार्ग बंद पडे. ज्या प्रदेशाच्या प्रवासाची आठवण पिढ्यान्पिढ्या मळमळीची आहे, त्या प्रदेशात प्रवासातल्या खाद्यपदार्थांची परंपरा कोठून निपजणार?

ज्यांना बोट सोसत नसे, किंवा ज्यांचे काम देशावर असे, ते आंबा घाटाने कोल्हापुरास जात आणि तेथे त्यांना आगगाडीचे दर्शन घडे. कोल्हापूरला गाडी १८९१ साली आली. घाट चढून गेलेल्या कोकणी माणसाच्या दृष्टीने स्टेशन हे एक परके, भव्य, किंचित भयावह असे संस्थान होते, आणि तेथील उपहारगृह तर अधिकच. त्या काळी मोठमोठ्या स्टेशनांवर साहेबांसाठी निराळे उपहारगृह असे. त्याच्या पांढऱ्या मेजपोशाकडे आणि काट्याचमच्यांकडे आपल्याकडचे लोक दारातूनच पाहत आणि पुढे जात. त्याखेरीज हिंदूंचे निराळे, मुसलमानांचे निराळे, अशी व्यवस्था होती. उत्तर हिंदुस्थानात तर पाण्यालाही धर्म होता. फलाटावरून हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी अशा आरोळ्या उठत, आणि ज्याच्या घशाला कोरड पडली आहे त्याने आधी आपली जात आठवावी व मग तहान, असा एकंदर रिवाज होता. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंच्या नशिबी जो चहा येई त्याचे वर्णन गांधीजींनी १९१७ साली वृत्तपत्रांना धाडलेल्या पत्रात केले आहे. मुंबईहून मद्रासेस जाताना मिळालेला तो चहा म्हणजे मळकट साखर आणि दूध म्हणवून घेणारे काही पांढरट द्रव्य घातलेले गढूळ कडवट पाणी होते, असा त्याचा आशय आहे. शंभर वर्षांनंतरही हे वर्णन सर्वस्वी जुने झाले आहे असे छातीठोकपणे म्हणवत नाही. अलीकडेच एका गाडीत माझ्या हाती आलेला कागदी पेला त्या पत्राची आठवण करून देण्याइतका प्रामाणिक होता.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या काळात देशभरच्या फलाटांवर पाणी आणि चहा धर्मवार विभागले जात होते, त्याच काळात, ज्या गावाने आगगाडीचे तोंडही पाहिले नव्हते त्या रत्नागिरीत कोणी कोणाच्या पंक्तीस बसावे या प्रश्नाने मोठीच खळबळ माजली होती. स्थानबद्धतेत असलेल्या सावरकरांनी येथे सहभोजने घडवून आणली. भागोजीशेठ कीरांच्या द्रव्यातून १९३१ साली पतितपावन मंदिर उभे राहिले आणि १९३३ साली अखिल हिंदू उपहारगृह सुरू झाले, जेथे पूर्वास्पृश्याच्या हातचा चहा इतरांनी प्यावा अशी अपेक्षा होती. या साऱ्या खटपटीविषयी, तिच्या मर्यादांविषयी, कोणाचे काही मत असो. पण आगगाडीने जे काम अन्यत्र केले, म्हणजे एकाच बाकावर नाना जातींच्या लोकांना मांडीला मांडी लावून बसावयास भाग पाडून हळूहळू त्यांचे सोवळे सैल केले, ते काम रत्नागिरीत आगगाडीवाचून आणि पुष्कळ भांडणतंटा होऊन व्हावे लागले, एवढे यावरून दिसते. रूळ असते तर हे भांडण डब्यात, चालत्या गाडीत, निम्मे आपोआपच मिटले असते.

मध्यंतरीचा काळ एस.टी.चा. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली आणि यथावकाश ती लाल गाडी कोकणातल्या वाडीवाडीपर्यंत पोहोचली. माझ्या मते कोकणी माणसाला रस्त्यात खाण्याची दीक्षा दिली ती एस.टी.ने. मुंबईहून रात्री निघालेली गाडी वडखळ, माणगाव, महाड, पोलादपूर या पट्ट्यात कोठेतरी थांबे. कोठे थांबावे हे वेळापत्रकापेक्षा चालक-वाहकांच्या जेवणाचा बंदोबस्त जेथे उत्तम, त्यावर ठरे, आणि अपरात्री डोळे चोळीत उतरलेल्या उतारूंच्या पुढ्यात कांदाभज्यांची रास व उकळून उकळून काळपट झालेला चहा येई. त्या भज्यांना दिवसाउजेडी कोणी हात लावला असता की नाही, याची शंका आहे. पण कशेडीच्या घाटापूर्वीच्या त्या थंड हवेत ती अमृतासमान लागत, आणि आजही पन्नाशी उलटलेल्या कोणत्याही चाकरमान्याजवळ हा विषय काढावा, तो घाटातल्या वळणांच्या आधी भज्यांचे वर्णन सुरू करतो. म्हणजे थांबा आला की पदार्थ येतोच, हा कर्जतचा नियम कोकणातही खरा ठरला होता. फक्त तो डांबरी रस्त्यावर खरा ठरला होता.

आणि मग एकदाची रेल्वे आली. तिच्यासाठी अ. ब. वालावलकरांसारख्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला, बॅरिस्टर नाथ पै आणि पुढे मधु दंडवते यांनी लोकसभेत हा प्रश्न जागता ठेवला, आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री व दंडवते अर्थमंत्री असा दुर्मिळ योग जुळून आल्यावर १९९० साली कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली. ई. श्रीधरन यांच्या अमदानीत रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरांचा मार्ग, नव्वदांहून अधिक बोगदे आणि लहानमोठे मिळून दोन हजारांच्या घरातले पूल बांधून, आठेक वर्षांत तयार झाला. १९९८ च्या जानेवारीत तो सबंध खुला झाला आणि १ मे १९९८ रोजी पंतप्रधान वाजपेयी यांच्या हस्ते रत्नागिरीत त्याचे लोकार्पण झाले. हा इतिहास सर्वांच्या परिचयाचा आहे. मला त्यातली एकच बाब येथे महत्त्वाची वाटते, ती म्हणजे या मार्गाचा जन्म फार उशिराचा. या रुळांवर उतारूंची गाडी ओढणारे वाफेचे इंजिन कधी धावलेच नाही. पहिल्या दिवसापासून डिझेल होते, आणि २०२२ पासून सबंध मार्गावर वीज आहे. पाण्यासाठी थांबावे, घाटासाठी मागून इंजिन लावावे, अशी निकड येथे कधी उद्भवली नाही. डोंगर चढण्याऐवजी त्याच्या पोटातून जाण्याचा निर्णय झाल्यावर चढणीला लागणारा वेळही गेला आणि त्या वेळात तळला जाणारा वडाही गेला.

दुसरे असे की, खाड्यांची रुंद मुखे टाळण्यासाठी हा मार्ग समुद्रापासून आत, डोंगरांच्या कुशीतून नेला आहे, आणि जुनी गावे तर खाडीकाठी व बंदरांवर वसलेली. त्यामुळे स्टेशने गावाबाहेर पडली. राजापूर रोड, संगमेश्वर रोड, वैभववाडी रोड ही नावेच सांगतात की येथे उतरणाऱ्याने गाव जवळ आले असे समजू नये, फक्त गावाकडे जाणारा रस्ता आला असे समजावे. खुद्द रत्नागिरीचे स्टेशन बाजारपेठेपासून कित्येक किलोमीटर दूर, कुवारबावच्या सड्यावर आहे. जेथे स्टेशनाच्या तोंडाशी गाव असते तेथे गावातली खानावळ, मिठाईचे दुकान, एखादी हिकमती बाई आणि तिचा धीट मुलगा, यांचे फलाटाशी आपसूक नाते जुळते. सड्यावरच्या स्टेशनाशी नाते जुळविण्यास आधी रिक्षा करावी लागते.

तरीही कोणी म्हणेल की, कोकण रेल्वेवर गाड्या थांबत नाहीत असे कोठे आहे? थांबतात, आणि कशा थांबतात हे या मार्गाने प्रवास करणाऱ्यास सांगावयास नको. मार्ग बहुतांशी एकेरी आहे. रोहा ते वीर एवढा भाग २०२१ मध्ये दुहेरी झाला. बाकी समोरून गाडी येत असली की एकीने दुसरीला वाट द्यायची, आणि ही वाट देण्याचे काम कमी दर्जाच्या गाडीने करावयाचे, हा येथला कायदा. उक्षी, आरवली, विलवडे अशा स्टेशनांत गाडी क्रॉसिंगला पडते. पाच मिनिटे म्हणता म्हणता अर्धा तास होतो. उतारू खाली उतरतात, आळोखेपिळोखे देतात, कोणी नळाखाली तोंड धुतो, कोणी सिग्नलकडे अशा नजरेने पाहतो की जणू तो त्याच्याच घरचा देणेकरी आहे. पण खाण्यास काही मिळत नाही. कारण हा थांबा अनिश्चित आहे. आज उक्षीस, उद्या भोक्यास, परवा कोठेच नाही. वडा तळणाऱ्याला गाडी किती वेळ थांबेल यापेक्षा ती नक्की थांबेल, ही खात्री लागते. त्या भरवशावर तो कढई चढवितो. कर्जतला विलंब हा नेमाचा होता, म्हणून त्याच्याभोवती धंदा उभा राहिला. येथला विलंब लहरीचा आहे, आणि लहरीवर कोणी तेल तापवीत नाही.

मग या अनिश्चित विलंबाचा धनी कोण? अर्थात तो, ज्याची कढई गाडीबरोबरच चालते. भटारखान्याचा डबा, ज्याला आता सर्व लोक पॅन्ट्रीच म्हणतात, हा कोकण रेल्वेचा खरा फलाट आहे. मुंबई–मडगाव मांडवी एक्स्प्रेसची याबाबतीत मोठी ख्याती आहे, आणि काही रसिक उतारू तर केवळ खाण्यासाठी त्या गाडीने जातात असे ऐकिवात आहे. सकाळी मुंबई सुटल्यापासून तिच्या डब्यांतून वाढप्यांची जी ये-जा सुरू होते ती अखंड चालते. पनवेलपर्यंत न्याहारी, मग कटलेट, मग सूप, मग भजी, मग ज्याला जे हवे ते. आणि प्रत्येक पदार्थाची आरोळी निराळ्या सुरात. इडली-वड्याचा स्वर खालचा आणि सावकाश, ऑम्लेटचा तुटक, चहाचा तर सप्तकातल्या कोणत्याही स्वरात न बसणारा. केरळातून येणाऱ्या गाड्यांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांत पिकल्या केळ्यांची भजी घेऊन फिरणारा माणूस कोकणातल्या उतारूसमोर उभा राहिला म्हणजे उतारू आधी संशयाने पाहतो, मग एक घेतो, आणि मग दुसऱ्यासाठी त्याला डब्याच्या टोकापर्यंत हाका मारतो.

मांडवीतले दुपारचे जेवण मी फार आवडीने अनुभविले आहे, आणि त्यात पदार्थांपेक्षा भूगोलाचा वाटा मोठा आहे. गाडी रत्नागिरीच्या आसपास येते ती साधारण जेवणाच्या सुमारास. संगमेश्वर मागे पडते, उक्षी येते, पावसाळ्यात तेथे रुळांच्या जवळच रानपाटचा धबधबा कोसळत असतो, आणि ताटाचे झाकण उघडावे तोच गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरते. साडेसहा किलोमीटर लांबीचा हा बोगदा या मार्गावरचा सर्वांत लांब. डिझेलच्या दिवसांत येथे खिडक्या भराभर बंद होत, तरी धुराचा वास वरणात उतरल्यासारखा वाटे, आणि काळोखात कोणाचे तरी मूल रडू लागे, कोणी विनाकारण आरोळी ठोकी, तर एखादे आजोबा, या सर्व गोंधळात, शांतपणे भात कालवीत बसलेले दिव्याच्या पिवळ्या उजेडात दिसत. आता वीज आल्यापासून तो वास गेला. रत्नागिरी सोडून दक्षिणेकडे निघाले म्हणजे थोड्याच वेळात पानवल नदीवरचा पूल लागतो, सुमारे ६४ मीटर उंचीचा. तेथे तर भल्याभल्यांचा घास हातात राहतो. घरच्या जेवणाला ही जोड कोण देणार? पॅन्ट्रीतली डाळ पातळ असते, तिच्यात कोणत्याही प्रांताची ओळख पटेल अशी फोडणी नसते, हे सर्व मान्य. पण मुंबईपासून मडगावपर्यंतच्या सर्व जातीप्रांतांच्या पोटाला चालेल असे वरण करावयाचे म्हटले, तर ते कोणाचेच नसणार.

अलीकडे निघालेल्या वेगवान गाड्यांत हा सारा प्रकार अधिक नीटनेटका आणि, माझ्या मते, पुष्कळच निर्जीव झाला आहे. २०१७ साली तेजस आली, २०२३ साली वंदे भारत आली. तिकिटाबरोबर जेवण, चांदीच्या कागदाने मुख झाकलेल्या लहान लहान वाट्या, आणि सर्वांना एकाच वेळी भूक लागावी अशी प्रशासनाची अपेक्षा. २०१७ च्याच भोजनविषयक धोरणाने स्वयंपाक आणि वाढप यांची फारकत करण्याचे ठरविले. अन्न रांधावे जमिनीवरच्या मोठ्या स्वयंपाकघरांत, आणि गाडीत केवळ वाढावे. स्वच्छतेच्या दृष्टीने यात तथ्य आहे. चालत्या डब्यात विस्तवाशी खेळ नको हेही खरेच. तथापि भटारखान्याच्या डब्याजवळून जाताना कांदा परतल्याचा जो वास अंगावर येई, आणि ज्याने भूक नसलेल्याच्याही मनात विचार उत्पन्न होई, तो वास चांदीच्या कागदातून येत नाही. पुण्याच्या लोकांनी १९३० पासून दख्खनच्या राणीच्या भोजनडब्यात मेजाशी बसून खाण्याची चैन उपभोगली आहे आणि तिच्याविषयी ते पुरेसे बोललेही आहेत. आमच्या वाट्याला निदान तो कांद्याचा वास तरी राहू द्यावा.

ही झाली एक्स्प्रेसची कथा. पण खरा अन्याय पॅसेंजरच्या बाबतीत आहे, आणि त्याविषयी कोणी बोलत नाही. जी गाडी लवकर पोहोचते, तिच्यात भटारखाना; जी प्रत्येक स्टेशनावर थांबते, जी प्रत्येक क्रॉसिंगला बाजूस सारली जाते, जिच्यातल्या माणसाला सर्वांत अधिक वेळ उपाशी बसावे लागते, त्या गाडीत काही नाही. दिवा–सावंतवाडी पॅसेंजर घ्या, किंवा पूर्वी दादरहून सुटणारी आणि अलीकडे दिव्याहूनच सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर घ्या. पहाटे भरून निघालेल्या त्या डब्यांत पाय ठेवावयास जागा नसते, तेथे वाढपी काय येणार? चिपळूण, खेड यांसारख्या स्टेशनांवर टोपल्या घेऊन चढणारे फेरीवाले, आणि त्यांच्या मागावर असलेले रेल्वेचे शिपाई, एवढाच तेथला बंदोबस्त. म्हणून पॅसेंजरमध्ये शिदोरी जिवंत आहे. फिरकीचा तांब्या गेला, त्याच्या जागी प्लॅस्टिकची बाटली आली. फडके जाऊन डबा आला. पण डब्यात काय असते ते पाहावे: दुधात भिजविलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, सुकी बटाट्याची भाजी, लसणीची चटणी, केळीच्या पानात बांधलेला दहीभात, आणि परतीच्या प्रवासात हटकून एखादे घावणे. समोरच्या बाकावरच्या मुलाने पहिला घास घेण्याआधी, "आईनं डबा दिलान्, पण लोणचं द्यायला विसरली हो," असे नुसते स्वतःशी पुटपुटावे, की तीन दिशांनी तीन बरण्या पुढे येतात. गणपतीच्या दिवसांत, जेव्हा जादा गाड्या सोडूनही माणूस दारात लोंबकळत गावी जातो, तेव्हा हे आदानप्रदान कळसास पोहोचते. ज्या मुलुखात सहभोजनासाठी एके काळी सभा भरवाव्या लागल्या, तेथे आता कोणाच्या बरणीतले लोणचे आहे हे विचारण्याची कोणाला फुरसत नसते.

आणि फलाटावरचा पदार्थ अगदीच नाही, असेही नाही. एप्रिल-मे महिन्यांत मधल्या लहान स्टेशनांवर आसपासच्या वाड्यांतल्या बायका करवंदे आणि जांभळे पानांच्या द्रोणांत घालून उभ्या राहतात. कधी फणसाचे गरे असतात, कधी काजूचे ओले गर. द्रोण पुढे करताना त्या डोळ्याच्या कोपऱ्यातून शिपायाकडे पाहत असतात, कारण त्यांच्याजवळ परवाना नसतो. कोकणची खरी चव फलाटावर यावी ती अशी चोरट्या पावलांनी, आणि ज्याचा रीतसर मक्ता आहे त्या दुकानात मात्र देशातल्या कोणत्याही स्टेशनावर मिळावेत असेच जिन्नस असावेत, याला काय म्हणावे? केशवसुत मालगुंडचे, म्हणून त्यांच्या कवितेचे नाव एका गाडीला मिळाले आणि तुतारी एक्स्प्रेस धावू लागली, हे चांगलेच झाले; परंतु त्याच मालगुंडच्या घरात जे शिजते त्याचाही सन्मान व्हावा, असे कोणाच्या डोक्यात आले नाही.

हे सारे मी त्या दिवशी स्नेह्यांची गाडी गेल्यावर रत्नागिरीच्या फलाटावरील एका दुकानदारापुढे मांडले. इंजिनाचे पाणी, खाड्यांची मुखे, एकेरी मार्ग, सर्व काही. त्याने सबंध ऐकून घेतले, कारण गिऱ्हाईक नव्हते. मग कढईतला झारा न थांबवता तो म्हणाला, "काका, तुमचं खरं असेल. पण इथला माणूस गाडीत बसतो तो घरचं घेऊन बसतो. बाहेरचा माणूस उतरतो नि वडाच मागतो. घावणे करून ठेवू ते कोणासाठी? दोन दिवस ठेवून बघितले होते मी. तिसऱ्या दिवशी आम्हीच खाल्ले." आणि कागदाचा चौकोन उलगडीत त्याने विचारले, "वडे दोन देऊ ना? चटणी सुकी की ओली?"